बार्शीच्या दिवाणखान्यातला समुद्र

मंडळी, पुढे या. पुढे! खांबाआड कशाला बसताय? मी काय परीक्षेचे पेपर वाटणार आहे? आणि बाहेर तो हॉर्न कोण वाजवतोय? वाजव बाबा, वाजव. आमच्या तबलजींना थोडी विश्रांती मिळते!

पूर्वरंग झाला, नाम घेऊन झालं. आता आख्यान. पण आधी एक प्रश्न. उत्तर मोबाइलवर शोधायचं नाही — ओ, जाकीटवाले, तुम्हालाच म्हणतोय! प्रश्न असा: ज्याच्यावर आपला जीव जडलाय, त्याचाच जीव आपल्या हातून कसा जातो?

द्वेषानं मारणाऱ्याची गोष्ट सोपी असते हो. कंस आला, तलवार उपसली, पेटीवाल्यांनी जरा भीतिदायक वाजवलं, झालं. प्रेमानं मारणाऱ्याचं काय? ते आपल्या घरात असतात, नाश्ता करतात, देवाला दिवा लावतात. म्हणून आज पुराणातली कथा नाही. आज माझ्या सख्ख्या भाच्याची कथा. त्याची परवानगी घेतलीय. नसती दिली तरी सांगितली असती!

भाचा म्हणजे डॉक्टर पराग कुकडे. बार्शीला दातांचा दवाखाना. माझी धाकटी बहीण इंदू, तिचा हा एकुलता एक. इंदू गेली चार वर्षांपूर्वी. घरात उरले तिघं. पराग, त्याची बायको ऋजुता, आणि इंदूचे यजमान, म्हणजे आमचे मेव्हणे भालचंद्रराव. चौतीस वर्षं नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात काढली त्यांनी. आता निवृत्त. बोलायला कमी, कामाला पक्के.

तर ह्या परागच्या मनात काय आलं? दिवाणखान्यात समुद्र आणायचा!

हसताय? मीही हसलो. म्हटलं, अरे, बार्शीला नळाला पाणी किती दिवसांनी येतं, आणि तू समुद्र आणतोस? म्हणे, "मामा, तुम्हाला कळणार नाही." हे एक वाक्य, मंडळी, ऐकून ठेवा. पुढे लागणार आहे.

साडेसहा फूट लांब काचेची टाकी आली. तिच्या वजनानं फरशी खचेल म्हणून खाली लोखंडी चौकट. चौकटीवर लाकडी कपाट, कपाटात आणखी एक छोटी टाकी. वरचं पाणी खाली यायचं, गाळून परत वर जायचं. लाटा उठवायला पंप. निळे दिवे. उन्हाळ्यात पाणी गार ठेवायचं यंत्र — घरातली माणसं पंख्याखाली घाम पुसतायत आणि मासे एसीत! वीज गेली तर इन्व्हर्टर. तो टाकीला हं. देवघरातला दिवा गेला तर जाऊ दे.

पाणी तरी साधं? छे! नळाचं चालत नाही, विहिरीचं चालत नाही. सगळं काढून टाकलेलं कोरं पाणी घ्यायचं, त्यात समुद्राचं खास मीठ मोजून मिसळायचं. मग दगड ठेवायचे, वाळू पसरायची, आणि सहा आठवडे थांबायचं. नुसतं थांबायचं! टाकीत एक मासा नाही, आणि आमचा डॉक्टर रोज खुर्ची टाकून समोर बसलेला. शेजारच्या कमलताई विचारून गेल्या, "डॉक्टर, दगड वाढवताय का?"

पण खोटं कशाला बोलू? वर्षभरानं मी गेलो तेव्हा बघत राहिलो. त्या दगडांवर प्रवाळ लावले होते. प्रवाळ म्हणजे अंगठीतलं पोवळं नव्हे, जिवंत! फुलासारखे उघडतात, मिटतात, प्रवाहात डुलतात. कुणी जांभळा, कुणी पोपटी. लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या कोळंब्या दगडाच्या कपारीत बसून माशांचं अंग साफ करतायत. नारिंगी माशांची एक जोडी. परमेश्वरानं हे एवढं कौतुक समुद्राच्या तळाशी, कुणी बघणार नाही तिथं करून ठेवलंय! माझे हात आपोआप जोडले गेले.

आणि शेजारी भालचंद्रराव उभे. त्यांचेही हात जोडलेले. ते म्हणाले, "बुवा, इंदूनं हे बघायला हवं होतं."

आता इथं जरा लक्ष द्या. हा मनुष्य रोज मुलाला विचारायचा, "पराग, मी काही करू का?" आणि पराग म्हणायचा, "बाबा, तुम्ही फक्त हात लावू नका." पाणी बदलायचं असलं की, "बाबा, जरा बाजूला." चिमटीभर खाद्य घालायचं असलं की, "नको बाबा, जास्त पडतं." परागला त्या पाण्याचं तापमान दशांशापर्यंत पाठ! त्या नारिंगी जोडीतली मादी कोणत्या कोपऱ्यात निजते, ते ठाऊक! आणि बापानं दुपारचं जेवण सोडलंय दोन महिने, हे? ते ऋजुतानं मला फोनवर सांगितलं.

काय म्हणावं ह्या माणसाला? कपाळ माझं!

बरं, आता पुढची गंमत. गंमत कसली, घात. इंदूच्या देवघरात एक पितळी डबी होती. त्या डबीत तांब्याचे जुने भोकाचे पैसे. आमच्या आईनं तिला दिलेले. एस.टी. पुलावर आली की इंदू खिडकीतून एक पैसा नदीत टाकायची आणि हात जोडायची. पुढे बसलेल्यांनो, तुमच्यातल्या किती जणींनी टाकलेत? बघा, हात वर येतायत! तांबं पाणी शुद्ध करतं, नदी आई आहे, आईला रिकाम्या हातानं ओलांडू नये. केवढी श्रद्धा!

भालचंद्ररावांनी विचार केला, नदीला द्यायची, समुद्राला नको द्यायला? घरात समुद्र आलाय, आणि घरच्या लक्ष्मीच्या हातचं त्याला काहीच पोहोचलं नाही. एका सोमवारी सकाळी पराग दवाखान्यात गेल्यावर त्यांनी खालचं कपाट उघडलं, डबीतला एक पैसा काढला, डोळ्यांना लावला, आणि त्या छोट्या टाकीत सोडला.

चुकलं काय हो त्यांचं? भक्ती होती. प्रेम होतं. सगळं होतं!

फक्त एक नव्हतं. तांबं म्हणजे त्या प्रवाळांना विष, हे ठाऊक नव्हतं. माशांना अंगावर रोग आला तर म्हणे तांब्याचंच औषध देतात, बेतानं. पण प्रवाळ, कोळंबी, गोगलगाय — ह्यांना जरासं तांबंही सोसत नाही. आणि खाऱ्या पाण्यात तो पैसा हिरवा पडून झिजत राहिला.

तिसऱ्या आठवड्यात कोळंब्या गेल्या. मग प्रवाळ उघडेनात. परागनं मीठ तपासलं, पंप तपासला, दिवे तपासले. ऋजुतावर ओरडला, उदबत्ती लावू नकोस म्हणून! दुकानदाराला फोन करून झाडलं. सगळ्यांना विचारलं हो त्यानं. मुंबईच्या माणसाला विचारलं, केरळच्या माणसाला विचारलं. शेजारच्या खोलीतल्या माणसाला विचारलं नाही!

आणि शेजारच्या खोलीतला माणूस काय करत होता? त्याला मुलाचा उतरलेला चेहरा दिसत होता. म्हणून तो रोज सकाळी आणखी एक पैसा सोडत होता! टाकी जेवढी आजारी, तेवढी ह्यांची श्रद्धा वाढती. अहो भालचंद्रराव! एकदा तरी विचारायचंत!

शेवटी परागनं खालची टाकी उपसायला घेतली. तळाला हिरवी-निळी चकती लागली. भोकाची. मग दुसरी. मग ओंजळभर.

ओळखली त्यानं. लहानपणी आईच्या मांडीवर बसून त्यानंच टाकलेत की नदीत! पण रागाला डोळे असतात होय? तो बाहेर आला आणि बापाच्या पुढ्यात ओंजळ धरली.

"बाबा, हे तुम्ही टाकलंत?"

"तुझ्या आईचे आहेत रे. म्हटलं, बरं वाटेल त्यांना..."

"बरं? मारलंत तुम्ही सगळ्यांना! सांगितलं होतं ना, हात लावू नका म्हणून? एवढंच एक तर सांगितलं होतं!"

भालचंद्ररावांनी ते पैसे धोतराच्या सोग्याला पुसले, डबीत ठेवले. दुसऱ्या दिवशी कुर्डुवाडीला माझ्या दारात हजर. हातात पिशवी. म्हणाले, "बुवा, मी इथंच राहीन म्हणतो. माझ्या हातानं आता काही नको व्हायला."

मंडळी, तो मनुष्य माझ्याकडे पाण्याचा पेलासुद्धा उचलायला घाबरायचा. कुंडीला पाणी घाला म्हटलं तरी, "नको, जास्त पडेल." मला इतका संताप आला! परागचा आला, त्यांचाही आला. मग मी काय केलं? मी बुवा ना, शहाणा! मी म्हटलं, ह्यांचं मन रमवावं. रोज सकाळी साजूक तुपातला शिरा, संध्याकाळी माझं कीर्तन. पंधरा दिवस! सोळाव्या दिवशी त्यांना चक्कर आली, तेव्हा कळलं — त्यांना साखर आहे. आठ वर्षांपासून. मी विचारलंच नव्हतं.

हसा, हसा माझ्यावर. मी त्याच लायकीचा आहे.

इकडे बार्शीला परागचं काय? प्रवाळ सगळे गेले. दगडसुद्धा तांबं शोषून बसतो म्हणे, म्हणून दगड टाकून द्यावे लागले. नारिंगी जोडी वाचली, ती वेगळ्या पेटीत. टाकी धुतली, नवं पाणी, नवे दगड, पुन्हा सहा आठवडे थांबायचं. रोज पाणी तपासायचं. छोट्या काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, त्यात थेंब टाकायचे, रंग कसा बदलतो ते तक्त्यावरच्या रंगांशी जुळवायचं. एका संध्याकाळी तो नळी घेऊन बसला होता. तीनदा तपासलं, तीनदा वेगळं उत्तर. वैतागून म्हणाला, "हा रंग कळतच नाही मला."

ऋजुता भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "ह्या घरात चौतीस वर्षं पाण्यात थेंब टाकून रंग बघणारा माणूस होता. त्याला तू हात लावू नका म्हणालास."

अहो, खरंच की! भालचंद्ररावांचं काम काय होतं? रोज पहाटे गावातल्या नळांवर जायचं, नळीत पाणी धरायचं, थेंब टाकायचा, पिवळा रंग किती येतो ते बघायचं, आणि पाणी माणसांना प्यायला चांगलं आहे की नाही ते सांगायचं. अख्ख्या गावाची तहान त्या दोन डोळ्यांवर चालली! आणि पोटचा मुलगा तेच काम शिकायला केरळला फोन करतोय! "तुम्हाला कळणार नाही" म्हणणाऱ्यालाच हे कळलं नव्हतं!

दुसऱ्या दिवशी दुपारी पराग माझ्याकडे आला. भालचंद्रराव माजघरात भिंतीकडे तोंड करून बसलेले.

"बाबा, घरी चला."

"नको रे. मी इथं बरा आहे."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात परागनं पिशवीतून पाण्याची बाटली काढली, काचेची नळी काढली, थेंबांची कुपी काढली. माझ्या ट्यूबलाइटखाली बसला आणि टाकायला लागला थेंब.

भालचंद्ररावांनी मान वळवली. बघितलं. जरा वेळ सहन केलं. मग त्यांना राहवेना.

"अरे, कुपी तिरकी काय धरतोस? सरळ धर! तिरकी धरलीस की थेंब लहानमोठा पडतो. आणि रंग ट्यूबखाली बघतात होय? डॉक्टर ना तू? उजेडाला ये, खिडकीत ये!"

मंडळी, तीन महिन्यांत तो माणूस पहिल्यांदा कुणावर तरी ओरडला! मला इतकं बरं वाटलं!

ते उठले. चष्मा पुसला. नळी स्वतःच्या हातात घेतली. खिडकीशी नळी उंच धरली. बघून त्यांनी आकडा सांगितला. परागनं तो लिहून घेतला नाही. तो रडत होता.

"बाबा, मी तुम्हाला कधी विचारलंच नाही."

"मीपण तुला विचारलं नाही रे," भालचंद्रराव म्हणाले. "मला वाटलं, प्रेमानं देतोय म्हणजे चांगलंच असणार."

झालं, मंडळी. आख्यान संपलं. प्रश्नाचं उत्तर मिळालं ना? जीव लावणाऱ्याच्या हातून जीव जातो तो ह्यानं — आपण देतो, देतो, देत राहतो, आणि समोरच्याला काय सोसतं ते विचारत नाही. आज अभिषेकाला गाभाऱ्यात दुधाचे हंडे ओतलेत. देवाला विचारलंत? मला अकरा वर्षं प्रेमानं बासुंदी वाढताय. दूध पचत नाही हो मला! पण ते जाऊ द्या.

मी आज भालचंद्ररावांना बोलावलं होतं. म्हटलं, पहिल्या रांगेत खुर्ची ठेवतो, तुमचीच गोष्ट आहे. म्हणाले, "बुवा, जमायचं नाही. सोमवारी संध्याकाळी पाणी बदलायचं असतं. परागला एकट्याला उरकत नाही."

त्यांना वेळ नाही, मंडळी! आणि ही माझ्यासमोरची पहिली रांग बघा. आजोबा, आजी, तुम्ही. कीर्तन सातला होतं. तुम्ही पाचला येऊन बसलात. पुजाऱ्यांनी सांगितलं मला, रोजच येता. मी काही एवढा मोठा कीर्तनकार नाही हो, की दोन तास आधी जागा धरावी. तुम्ही का येता, ते मला ठाऊक आहे. घरी कुणी म्हणत नाही, तुमच्यावाचून उरकत नाही.

आणि ऐकलंत? पुन्हा वाजला हॉर्न. कुणाचा तरी मुलगा न्यायला आलाय. माझा आवाज बाहेरच्या कर्ण्यावर जातोय, म्हणून त्यालाच सांगतो. बाळा, गाडी बंद कर. चप्पल काढ. आत ये, जागा आहे. तुझ्या बाबांच्या शेजारी पाच मिनिटं बस आणि एक गोष्ट त्यांना विचार. आम्ही तोवर नाम घेतो, तू येईपर्यंत आरती सुरू करत नाही.

बोला मंडळी, सावकाश बोला... तो येतोय. राम... राम... राम...