खालचे आर्म

गॅरेजच्या बाकावर माझ्या शेजारी एक दमलेलं जोडपं बसलं होतं. मेकॅनिक हात पुसत त्यांच्यापाशी आला.

"साहेब, खडखड चाकांना धरणाऱ्या खालच्या आर्ममधून येतेय."

"शक्यच नाही. ते नवे आहेत, गेल्या वर्षीच बाहेरून मागवून मी स्वतः बसवलेत."

"प्रत्येक गॅरेजमध्ये हा हेच सांगतो, दादा. मग तिकडे कुणी बघतच नाही. शॉकअप बदलून झाले, लिंक बदलून झाल्या."

"बोल्ट आवळताना गाडी जॅकवर होती?"

"मग काय डोक्यावर घेणार होतो?"

"चाकं लोंबकळत असताना आवळलं, की गाडी खाली आल्यावर आर्मच्या सांध्यातल्या बुशचं रबर कायम पिळलेलं राहतं. तुमचं फाटलंय."

"उद्या याच्या बाबांना दवाखान्यातून घरी आणायचंय. मणक्याचं ऑपरेशन झालंय त्यांचं, हादरा चालणार नाही."

"आणू गं व्यवस्थित."

"ते वर्षभर म्हणत होते, गाडी कण्हतेय. तू म्हणायचास, रस्ते खराब आहेत."

"संध्याकाळपर्यंत नवे बुश घालतो, वहिनी. फक्त आवळताना गाडी जमिनीवर हवी आणि आत माणसाचं वजन हवं. साहेब, तुम्हीच बसा."

"नुसता बसू?"

"नुसता बस. कशाला हात लावू नकोस."