अजून अकरा दिवस

बसा, बसा. मागे खुर्च्या आहेत अजून. नितीनच्या आई, स्मितावहिनी, सोसायटीतले शेजारी, लिफ्ट दुरुस्तीच्या कामावरचे त्याचे सोबती, आणि त्या कोपऱ्यात काळे टी-शर्ट घालून उभे असलेले आमचे पाच जण. पांढरं घालून या, असं मी त्यांना सांगितलं होतं. कोणी ऐकलं नाही.

मी शाळेत भूमिती शिकवतो. दिवसभर बोलणं हाच माझा धंदा. तरी आज काय बोलावं ते कळत नाहीये. म्हणून जे झालं ते क्रमाने सांगतो. मला तेवढंच जमतं.

आम्ही सात जण. बावीस वर्षांची दोस्ती, आणि ती एका गोष्टीवर टिकलेली. मेटल. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, जड गिटार, दणादण ड्रम आणि घसा फाटेपर्यंत ओरडणं. आईंनी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा स्वयंपाकघरातून धावत आल्या होत्या, "कोणाक मारतत रे?" आई, आठवतंय ना?

आमचा एक ग्रुप आहे फोनवर. नाव 'लोखंड'. ॲडमिन मी. आणि तिथे एक नियम आहे, तोही मीच केलेला. खोट्या मेटलची बाजू घेतली, की एक महिना ग्रुपबाहेर. परत येताना सगळ्यांना वडापाव. हसू नका, बावीस वर्षं आम्ही हे असंच जगलो.

सगळ्यात जास्त वेळा बाहेर कोण गेला? नितीन. आणि दर वेळी कारण एकच. रानदांडगे.

हा बँड तुम्ही सगळ्यांनी ऐकलाय. हळदीला वाजतो, गणपतीत वाजतो. मी म्हणायचो, हे मेटल नाही. नितीन म्हणायचा, "मास्तर, गिटार जड आहे, ड्रम फुटतायत, गळा फाटतोय. अजून काय पाहिजे तुला, आधार कार्ड?" मी म्हणायचो, ज्याच्यावर हळदीत आत्या नाचते ते मेटल कसं? तो म्हणायचा, "आत्याला कमी समजू नकोस, यार."

गेल्या महिन्यात परत तोच वाद पेटला. त्याने त्यांचं नवं गाणं टाकलं. वर लिहिलं, 'मास्तर, आता बोल.' मी बोललो नाही. मी त्याला काढलं. एक महिना.

एकोणिसाव्या दिवशी त्याचा मला मेसेज आला. 'बंदी उठव ना रे. ग्रुपशिवाय करमत नाही.' मी वर्गात होतो, मुलं प्रमेय लिहीत होती. मी उत्तर दिलं, 'अजून अकरा दिवस.' त्याने लिहिलं, 'ठीक आहे, मास्तर.'

दोन दिवसांनी सकाळी, अंधेरीला कामावर असताना, नितीन गेला.

आता पुढचं नीट ऐका. त्याच्या धाकट्या भावाने त्याचा फोन घेतला आणि दिसेल त्या ग्रुपवर निरोप टाकला. सोसायटी, कामावरचे, गावचे. 'लोखंड'वरही टाकायला गेला. मेसेज जाईना. खाली लिहिलेलं, तुम्ही आता या ग्रुपमध्ये नाही. बिचाऱ्याला वाटलं, भांडण झालं असेल, कशाला कळवा. त्याचं काय चुकलं? कोणालाही तसंच वाटलं असतं.

आम्हाला कळलं दुसऱ्या दिवशी. आमच्यातला एक वर्सोव्याला कोळंबी घ्यायला गेला होता. तिथे नितीनचा मावसभाऊ भेटला. तो म्हणाला, "काल तुमच्यापैकी कोणीच कसं आलं नाही?"

आम्ही सहा जण. एकही खांदा द्यायला नव्हता. वहिनी, त्या दिवशी तुम्ही दाराकडे बघत असाल. मला त्याची लाज वाटते. हे फोनवर सांगता आलं असतं, पण सगळ्यांसमोर सांगायचं होतं. या पाच जणांचा दोष नाही. नियम माझा होता, बोट माझं होतं.

तुम्ही विचाराल, मग आता रानदांडगे मेटल झाले का? नाही. मी मत बदललेलं नाही. बदललं असतं तर नितीन म्हणाला असता, "मेल्यावर जिंकलो होय रे?" आणि वर्षभर चिडवलं असतं. वाद होता तसाच आहे. फक्त समोरून बोलणारा नाही, आणि मला एकट्याला तो घालता येत नाही.

आज त्या मेसेजनंतरचा अकरावा दिवस. महिना भरला. सकाळी शाळेत जातो तसा आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसलो आणि त्याला ग्रुपवर परत घेतलं. नियम तिथेच पुसून टाकला. वडापाव त्याने आणायचे असतात. ते मी आणलेत, खाली वॉचमनच्या टेबलावर आहेत. जाताना प्रत्येकाने एक घ्या.

आता दोन मिनिटं शांत उभे राहू या. शांतता त्याला कधी मानवली नाही, पण दोन मिनिटं चालवून घेईल. सगळ्यांनी आपापले मोबाइल बंद करा. आमचे पाच जण सोडून. त्यांना 'लोखंड'वर लिहायचंय.

आणि वहिनी, तुमच्या पर्समध्ये नितीनचा फोन आहे ना? तो वाजू द्या.