लॅडीची हॅट वर जाईपर्यंत

...आणि वर मलाच विचारतात, आल्विन, तू खाली कशाला उतरलास? आता काय सांगायचं. तुम्हाला सांगतो, त्रेपन्न वर्षं मी या भागातल्या लग्नांत स्टील गिटार वाजवतोय. ती वाजवायची म्हणजे खुर्चीत बसायचं, समोर ती आडवी टेबलासारखी, पायाखाली पेडलं, गुडघ्यांना दांडे, डाव्या हातात लोखंडी कांडी, उजव्या बोटांना नख्या, माणूस असा अडकतो तिच्यात की नाचणं सोडाच, नाक पुसायची सोय राहत नाही. लोक नाचतात, पडतात, रुसतात, बाहेर गाड्यांपाशी जाऊन भांडून येतात, परत नाचतात, मी आपला वरून बघतो. मला काय, मी बसून वाजवणारा माणूस.

तर हे डेल्बर्ट ओरसाकच्या मुलीचं लग्न, टेसाचं, याच जूनमधलं. चर्चमागचा तो पत्र्याचा हॉल, खिडक्यांना काठ्यांचे टेकू, आत दोनशे साठ माणसं, आणि टेक्सासातला जून, म्हणजे काय ते समजा. आमचा कंट्री बँड पाच जणांचा, आणि पाचांचे मिळून धड गुडघे तीन. डाल्टन गातो, एमिल फिडल वाजवतो, बाकी ड्रमवाला आणि बासवाला, ते एकमेकांशी बोलत नाहीत, अठरा वर्षं झाली, कारण दोघांनाही आठवत नाही. आणि मी. नवरामुलगा ओहायोचा, त्याची माणसं लांबून आलेली, त्यांना आमच्यातलं काही माहीत नाही. ब्रिस्केट, आमचं ते भट्टीत भाजलेलं मांस, कशाशी खायचं तेही विचारत होती बिचारी.

आमच्याकडे कसं, जेवणं झाली की फेरी निघते. सगळ्यात पुढे जाणती जोडी, तिच्यामागे नवरानवरी, मग आईबाप, मग झाडून सगळे, दोन दोनच्या जोडीनं. पुढचा जाईल तिकडे सगळ्यांनी जायचं. मधून चाला, दोन बाजूंना फुटा, परत भेटा, चार चार व्हा, हातांच्या कमानीखालून जा, आणि शेवटी गोगलगाय, म्हणजे रांग आत आत गुंडाळत न्यायची आणि मधोमध पोचलं की उलटं वळून, दोन रांगांच्या फटीतून बाहेर काढायची. बाहेर आलं की पुढचा माणूस हॅट वर करतो. हॅट वर गेली की बँड थांबतो. आधी नाही. हा नियम आहे. सत्त्याऐंशी साली आम्ही एकदा मधेच थांबलो, ड्रमवाल्याला उचकी लागली होती म्हणून, आणि आठ महिन्यांत तो नवरा ट्रक घेऊन गेला तो आजतागायत आलेला नाही. त्याची सासू अजून आमच्याकडे बघत नाही. तेव्हापासून डाल्टन म्हणतो, छप्पर पडलं तरी वाजवायचं, हॅट वर जाईपर्यंत.

आणि ही हॅट कुणाची, तर लॅडीची. लॅडी म्हणजे माझा मेहुणा, बायकोचा थोरला भाऊ, वय एक्क्याऐंशी, लग्न केलं नाही, गुरं पाळली, चाळीस वर्षं या भागातली एकूण एक फेरी त्यानं काढली. त्याची जोडीदारीण त्याची बहीण, म्हणजे आमची बर्निस, कारण तिचा नवरा वर खुर्चीत अडकलेला. लोक म्हणायचे, लॅडीच्या डोक्यात नकाशा आहे. लॅडी मान हलवायचा.

नकाशाबिकाशा काही नव्हता. लॅडीला स्वतःच्या कुरणातून घरी यायला कुत्रं लागतं. सगळं बर्निसच्या डोक्यात. ती त्याच्या कोपरात हात घालून चालायची आणि चिमटे काढायची. एक चिमटा डावीकडे, दोन चिमटे उजवीकडे, तिसरा लागला तर हॅट. घरी जाताना ट्रकमध्ये बूट काढायची, पाय समोर टेकवायची आणि म्हणायची, आज नऊ. किंवा, आज चौदा, फारच भरकटत होता गडी. मी एकदा म्हटलं, अगं सांग की लोकांना, नाव तरी तुझं होईल. तर म्हणाली, आल्विन, माझ्या भावाजवळ आयुष्यात ही एवढीच एक गोष्ट आहे, त्याची त्याला राहू दे. मी म्हटलं, राहू दे. मला काय, मी बसून वाजवणारा माणूस.

आणि आणखी एक. मी विचारलं, तुला तरी त्या गर्दीत कसं कळतं गं? तर म्हणाली, तुझी गिटार डाव्या कानात आली की वळायचं. पहिली जोडी स्टेजपाशी आली की ती फळीवर दोनदा टकटक करायची, आहेस ना, अशी, आणि मी कांडी जराशी घसरवून एक सूर वर न्यायचो, आहे. झालं. एवढंच आमचं नाचणं.

फेब्रुवारीत ती गेली.

तेव्हापासून मला तसं काही होत नाही. म्हणजे वाईट वाटतं असंही नाही. शेजारीण मटार घातलेलं काहीतरी आणून देते, मी खातो, डबा धुऊन देतो, ती विचारते कसं होतं, मी म्हणतो चांगलं होतं, तुम्हाला सांगतो, मला चवच आठवत नाही. एप्रिलमध्ये अंगठा ट्रकच्या दारात सापडला, नख काळंनिळं झालं, मी नुसता बघत उभा. शनिवारी वाजवतो. लोक येऊन सांगतात, आल्विन, आज काय रडवलंस. मी म्हणतो, हो. ती गिटार रडते, तिचं कामच ते. मी पेडल दाबतो.

तर टेसाच्या लग्नात लॅडीच्या जोडीला दिली ह्यूस्टनची जॉर्जीन, नवरीची आत्या. हौशी बाई, हातभर बांगड्या, म्हणाली, मला काही येत नाही बरं का, तुम्ही न्याल तशी येईन. लॅडी म्हणाला, काळजी नको. मी वरून ऐकलं आणि म्हटलं, संपलं.

सुरुवात बरी झाली, सरळच असते ती. फुटले, भेटले, चार चार झाले, कमानी झाल्या, एका आजीबाईंचा टोप कमानीत अडकला, तो काढला. मग लॅडीनं रांग गोगलगाईत घातली. आत, आत, आत... आणि जिथं उलटं वळायचं तिथं तो वळलाच नाही. परत गोल. परत. आता रांग मावणार कुठे? शेपूट पश्चिमेच्या दारानं बाहेर गेलं, मांस भाजायच्या भट्ट्यांना वळसा घालून स्वयंपाकघराच्या दारानं आत आलं, आणि येताना भट्टीवाल्यालाही घेऊन आलं, तो एप्रन घालून, हातात चिमटा.

वीस मिनिटं झाली. एकच चाल, परत परत. डाल्टन माझ्याकडे वाकून म्हणतो, "लॅडी आज रंगात आलाय."

एमिल फिडल न थांबवता म्हणतो, "रंगात कसला. मला वाटतं उभ्या उभ्या गेला तो. पाय तेवढे चालू राहिलेत."

"मेला तरी हॅट वर गेल्याशिवाय थांबायचं नाही," डाल्टन म्हणाला.

ड्रमवाला म्हणतो, "आल्विन, त्या बासवाल्याला सांग, जरा हळू घे, माझी सहाची गोळी राहिलीय."

बासवाला म्हणतो, "आल्विन, त्याला सांग, मला ऐकू येतंय."

खालून नवऱ्याची आई चाललेली, केस गळ्याला चिकटलेले, डोळ्यांत पाणी, घामाचं की कसलं कोण जाणे, डेल्बर्टला म्हणते, "किती अर्थ आहे हो तुमच्या या रिवाजात. संसारासारखाच, याला शेवट नाही, होय ना?"

डेल्बर्ट म्हणाला, "तसंच दिसतंय, बाई."

तीस मिनिटं. नवरी पुढून जाताना माझ्याकडे बघून ओठांनीच म्हणाली, आजोबा, काय चाललंय? मी पेडल दाबलं. म्हातारी माणसं रांग सोडून बसायला लागली, तर त्यांच्या बायका त्यांना ओढून परत घेऊन आल्या, मधून फुटलं तर अपशकुन म्हणे. आणि कुठून तरी एक आवाज आला, "अरे, लॅडी विसरला की काय?" आणि दुसरा, "लॅडी? छे." पण तो छे जरा वेळानं आला. ते मी ऐकलं.

मग लॅडी स्टेजसमोरून गेला. हसतमुख. फोटोला बसल्यासारखा. आणि तुम्हाला सांगतो, त्याचं डावं कोपर... ते त्यानं अंगापासून जरासं बाहेर धरलं होतं. वाट बघत. चाळीस वर्षं तिथे चिमटा यायचा, आणि जॉर्जीनचा हात त्याच कोपरात, पण नुसता ठेवलेला, फुलदाणीत फूल ठेवावं तसा. तो चालतोय, हसतोय, आणि कोपर वाट बघतंय. जॉर्जीननं फळीवर टकटक केली नाही. ती कशाला करेल. मी मात्र कांडी घसरवून बसलो होतो.

मला काही वाटलं, गलबलून आलं, असं काही म्हणू नका. काही नाही. मी कांडी ठेवली, नख्या काढल्या, गुडघे सोडवले, उठलो.

डाल्टन ओरडलाच, "कुठं निघालास?"

म्हटलं, "लघवीला."

आता वरून ती गोगलगाय अशी दिसते की लहान पोरानंही बोट ठेवून सांगावं, इथून वळ. खाली उतरलो, आत शिरलो, तर नुसत्या पाठी. घामानं भिजलेल्या पाठी, हॅटा आणि माना. त्रेपन्न वर्षं वरून बघितलेलं सगळं फुकट. भट्टीवाला म्हणतो, "आल्विनकाका, शेवटी नाचायला उतरलात?" मी म्हटलं, "जाऊ दे रे मला." कुणाच्या बगलेखालून, कुणाच्या पोटाला लागून, एकदाचा मधोमध पोचलो. तिथं लॅडी.

म्हटलं, "जॉर्जीनबाई, तुमच्या पायाला फोड आले असतील, जरा टेका."

ती म्हणाली, "देवासारखे आलात हो," आणि बांगड्या सावरत नवरीच्या मागे जाऊन रांगेत घुसली. मी लॅडीच्या कोपरात हात घातला. आजूबाजूला हशा पिकला, दोन म्हातारे, एक बारका एक जाडा, हातात हात घालून. हसू दे.

लॅडी ओठ न हलवता म्हणाला, "बँड थांबला?"

"चालू आहे. तू चाल."

"तू नाहीस, मग कसा चालू आहे?"

म्हटलं, "चालतो. चाल तू."

आणि चिमटा काढायचा कुठे, हेच मला कळेना. डाव्या कानात गिटार आली की वळायचं, ती म्हणाली होती. डावा कान लावला. फिडल होती, ड्रम होता, डाल्टन होता. मधे एक भोक होतं, माझ्याएवढं. त्या गर्दीत उभं राहून ती चाळीस वर्षं हे ऐकत होती, इथून, आणि मी वर बसून समजत होतो की आपण नाचणाऱ्यांसाठी वाजवतोय.

मग काय, भोक डाव्या कानात आलं तेव्हा चिमटा काढला. दोन. लॅडी असा वळला उजवीकडे, असा वळला, जशी गाय गोठ्यात वळावी. समोर फट. शिरलो. मागून सगळी रांग उलगडायला लागली, कुणीतरी म्हणालं, "बघ, म्हटलं नव्हतं, मुद्दाम लांबवत होता," आणि दुसरा म्हणाला, "लॅडी आहे तो." एक चिमटा, डावीकडे. स्टेजपाशी आलो. माझा हात फळीवर गेला, दोनदा टकटक झाली. वर खुर्ची रिकामी. तिथून कोण काय म्हणणार. एमिलनं फक्त माझ्याकडे बघितलं आणि लगेच दुसरीकडे बघितलं.

मग लागोपाठ तीन चिमटे. लॅडीनं हॅट वर केली, आणि हॅट वर करायच्या भरात आपला बूट, गुरांमागे हिंडायचा तो, टाचेला लोखंड मारलेलं, सगळं वजन टाकून माझ्या पायावर ठेवला. बँड थांबला. हॉल टाळ्या वाजवतोय, ओहायोवाली रडतेय, आणि माझ्या तोंडून "आई गं" निघालं, मोठ्यानं, आणि डोळ्यांतून पाणी. लोक म्हणाले, बघा, आल्विनला बर्निसची आठवण आली. मी म्हटलं, पाय... पाय दुखतोय. खरंच दुखत होता हो. दुखत होता, आणि मी तिथंच उभा, तो दुखेल तेवढा दुखू दिला.

लॅडीनं हॅट डोक्यावर ठेवली, माझ्याकडे बघितलं नाही. कोपर चोळलं. म्हणाला, "तिचा चिमटा हळू असायचा."

म्हटलं, "शिकेन."

तेवढंच बोलणं. मी लंगडत वर गेलो, खुर्चीत बसलो, आम्ही नवरानवरीचा वॉल्ट्झ वाजवला, आणि डाल्टन म्हणाला, फार वेळ लागला रे लघवीला, आल्विन. मी म्हटलं, वय झालं.

आता परवा दिवशी फोन आला, सकाळी सकाळी, लॅडीचा. जुलैत दोन लग्नं आहेत, ऑगस्टमध्ये तीन, सगळ्यांना फेरी हवीय, आणि तशीच हवीय म्हणतात, दोन म्हाताऱ्यांची, लांब, बाहेरून भट्टीला वळसा घालून. मी म्हटलं, लॅडी, अरे गिटार कोण वाजवणार, मला काय, मी बसून वाजवणारा माणूस... फोनवर त्याच्या गाई ओरडत होत्या. मग म्हणाला, "ते राहू दे. शर्ट कुठला घालणारेस ते सांग. बर्निस नेहमी माझ्या शर्टाला जुळणारं घालायची."

निळा म्हणालो. काय करता.