चहाला काय आहे?

मासे-चिप्सच्या दुकानात मासे तळून व्हायची वाट बघत दोघी काउंटरच्या कडेला उभ्या होत्या. रांगेतल्या हिल्डाला सगळं ऐकू येत होतं.

“ग्लेनिस, रग्बी लीग क्लबनं तुझ्याकडं राहायला ठेवलेला तो फ्रेंच पोरगा दिसत नाही गं?”

“रेमी? परत पाठवला. पोरगा चपळ आहे, पण अंगानं भरेना म्हणाले.”

“पहिल्या दिवशी चहाला बोलावलंस, तर जेवून आलेला, तोच ना?”

“तोच. आपल्याकडं चहा म्हणजे रात्रीचं जेवण, हे त्याला काय ठाऊक! भरलेलं ताट बघून रडवेला झाला. पण संपवलं हो सगळं.”

“फोन करतो का?”

“काल केला. तिकडं घरी भूक लागली, तर सवयीनं आईला विचारलं, ‘चहाला काय आहे?’”

“मग?”

हिल्डाची पाळी आली. तिनं मागच्या माणसाला पुढं जाऊ दिलं.

“तिकडं चहा पितात ते आजारपणात. आजारी पडला वाटून आईनं त्याचं कपाळ चाचपून ताप बघितला आणि कपभर चहा आणून दिला.”

“अगं बाई! अन् त्यानं?”

“प्यायला मुकाट्यानं. मग मला फोन लावून विचारतो, ‘तुमच्याकडं आज चहाला काय?’”

“काय सांगितलंस?”

“सगळं ताट सांगितलं गं. मटण, वाटाणे, बटाटे, वर रस्सा. केलं कुठं होतं मी?”