दोन खोल्यांचा पत्ता

दवाखान्याच्या खिडकीपाशी रांगेत माझ्यापुढे दोघीच होत्या.

"बाई, ओळखलंत? पुलाखालच्या तुमच्या वर्गातली चिमटी."

"खडू चोरायचीस ती?"

"खायचे हो. भूक लागायची."

"माहीत होतं. म्हणून तर डब्यात खडूंबरोबर पाव ठेवायला लागले."

"शाळेच्या अर्जावर पुलाचा पत्ता चालेना, तेव्हा तुम्ही तुमचाच लिहिलात."

"तुम्हा एकोणीस जणांचा. पोस्टमन विचारायचा, बाई, दोन खोल्यांत एवढी लेकरं मावतात कशी?"

"शाळेचं पत्र आलं की तुम्ही पुलाखाली घेऊन यायचात. आई भंगार वेचून आलेली असायची. आधी हात धुवायची, मगच पत्राला हात लावायची. वाचता कुठे येत होतं तिला."

"आहे ना बरी?"

"ठणठणीत. आमचं शिवणाचं दुकान आहे, वरच राहतो."

खिडकीतल्या कारकुनाने वर पाहिलं. "आजी, नाव लिहिलं. पत्ता सांगा."

"पत्ता... त्या खोल्या गेल्या महिन्यात सोडाव्या लागल्या. सध्या भाचीकडे आहे, पुढचं काही ठरलं नाही."

"मग रिपोर्ट पाठवायचा कुठे? मागे रांग आहे, आजी."

"माझा पत्ता लिहा, साहेब."

"तुम्ही कोण यांच्या?"

"लिहा तर खरं. पत्र आलं की आई हात धुऊन घेईल."