ग्लेनिसची चिठ्ठी

सांगतो ना, सिस्टर, चिठ्ठी कुणी दिली ते, पण आधी बसा तरी — त्या खोक्यावर नको, रेकॉर्डी आहेत — हं, इथं. चहा? नको? बरं. त्यासाठी जरा मागे जावं लागतं बघा. ही खोली हॉस्पिटलच्या चादरी ठेवायची होती. त्रेसष्ट साली आम्ही गिरणीतल्या पाच जणांनी मागून घेतली. का? तर शनिवारची फुटबॉलची मॅच पेशंटांना खाटेवर पडल्या पडल्या ऐकू यावी म्हणून. मैदानापासून इथपर्यंत तार आम्हीच ओढली, छपरांवरून. पगार नाही, काही नाही — चोवीस वर्षं झाली, एक संध्याकाळ चुकवलेली नाही, बायकोला पुरलं तो दिवस सोडला तर — नाही, त्या दिवशीही आलो होतो खरं म्हणजे.

मॅच आठवड्यातून एकदा. बाकीचे दिवस? फर्माईशी. चारला वॉर्डांतून फिरायचं, चिठ्ठ्या गोळा करायच्या, सातला इथून माइकवर वाचायच्या — अमक्या खाटेला तमक्याकडून हे गाणं. आता ज्याला भेटायला कुणीच येत नाही, त्याच्यासाठी चिठ्ठी कोण देणार? तो खाटेपाशी टांगलेला हेडफोन लावून ऐकत राहतो, शेजारच्याचं नाव येतं, पलीकडच्याचं येतं — तो चेहरा पाहिलाय तुम्ही? म्हणून मग — सगळेच करायचो, सिस्टर, मी एकटा नव्हे — एखाददुसरी चिठ्ठी आपणच लिहायची. 'पुतण्याकडून.' 'जुन्या मित्राकडून.' कुणाचं काय बिघडतं? काही नाही. ते ऑर्मरॉड म्हातारबा सोडले तर. त्यांना मी भावाकडून गाणं लावलं, वर म्हटलं, रविवारी येतोय. भाऊ युद्धातच मेलेला, मला काय ठाऊक! रविवारी हे कोट चढवून फाटकापाशी उभे, ऐन जानेवारीत, दिवसभर. पुढच्या शनिवारी त्यांची खाट — जाऊ दे.

मिसेस एन्टविसलचं तसं नाही. त्यांना मुलगी आहे, खरी, कॅनडात. तेरा वर्षं पत्र नाही, पण आहे. फोटो त्यांनीच दाखवला मला. म्हणून काल — हो, अक्षर माझंच, ओळखलंत ना, मग विचारता कशाला? 'आईला, ग्लेनिसकडून. मी निघालेय. मी येईपर्यंत कुणाला काही करू देऊ नकोस.' ते शेवटचं आपलं सहज सुचलं — मुली बोलतात ना तसं. उद्या सकाळी ऑपरेशन आहे हे मला कुणी सांगितलं होतं? आणि आता त्या ऑपरेशनच्या कागदावर सही करत नाहीत म्हणता? ग्लेनिस आल्याशिवाय नाही? आणि डॉक्टर म्हणतात, उद्या नाही तर मग उपयोग नाही?

जाऊन सांगू? खाटेपाशी उभं राहून, की बाई, मुलगी निघालेली नाही, मीच लिहिलं? मग सही करतील? भिंतीकडे तोंड फिरवतील, सिस्टर. आणि वॉर्डावॉर्डात कळेल. खऱ्या मुलाची खरी चिठ्ठी वाचली तरी लोक हेडफोन काढून ठेवतील — चोवीस वर्षं पाण्यात.

सातला दोन मिनिटं आहेत. पेन द्या तुमचं. द्या हो. 'आई, विमानाला उशीर झालाय. माझ्यासाठी थांबू नकोस, सही कर. तुझी ग्लेनिस.' बस्स. सही होते की नाही बघा. शुद्धीवर आल्यावर पहिलं काय विचारतील — ते मग तुम्ही सांभाळा, वॉर्ड तुमचा आहे. अशा काय बघता? जायचंय? जा की. नाही? मग बसा, आणि श्वाससुद्धा जपून घ्या — लाल दिवा लागला. शू!