चाकांवरचा उंबरा

वामन : हीसुद्धा. चारही डब्यांवर एकेक आहे.

रत्नाबाई : वाकून काय बघतोस रे? कंबर धरंल.

वामन : खराट्याची काडी, आई. मुंग्या वर चढू नयेत म्हणून मी आपल्या या राहत्या गाडीच्या चारही टेकूंखाली पाण्याचे डबे ठेवले ना? तर प्रत्येक डब्यावर एक काडी आडवी. एक टोक डब्याच्या काठावर, दुसरं टेकूला लागलेलं. आणि मुंग्या त्यावरून रांगेने वर.

रत्नाबाई : वारा हाय. समुद्र काय लांब हाय का इथनं?

वामन : म्हणजे वाऱ्याने खराटा सोडला, काड्या उपसल्या आणि माप घेऊन डब्यांवर ठेवल्या.

रत्नाबाई : वाऱ्याचं काय सांगू नको मला. गावी माहीमला बोंबील वाळत घातलेली आख्खी वलांडी पाडलीय त्यानं. काडीचं काय घेऊन बसलास.

वामन : बरं. वारा. मग साखरेचं काय?

रत्नाबाई : साखरेचं काय?

वामन : डबा अर्ध्याच्या खाली गेलाय. मी दोन दिवस गुळाचा चहा पितोय, तू तर साखर खातच नाहीस. झाकण घट्ट लावलेलं. मुंग्यांनी झाकण उघडलं, साखर नेली आणि पुन्हा लावून ठेवलं?

रत्नाबाई : मुंगी लई शहाणी जात हाय.

वामन : आई, इकडे बघ. माझ्याकडे. डाळ नंतर निवड.

रत्नाबाई : खडे राहिले तर तूच बोंबलशील.

वामन : काड्या तू ठेवल्यास.

रत्नाबाई : पान्यात पडून मरत होत्या रे. सकाळी बघितलं तर डब्यात नुसता काळा थर. मला बघवंना.

वामन : मरू देत की. त्यासाठीच तर डबे ठेवले. टायरला रॉकेलचे बोळे चोळले, भोवती चुना ओढला, कपड्यांची दोरी या जांभळाच्या झाडाला होती ती सोडली. मी बांधकामाच्या साइटवर स्टोअरमध्ये लोखंड मोजायचं सोडून मुंग्यांच्या मागे लागलोय, आणि तू त्यांना पूल बांधून देतेस.

रत्नाबाई : चुना मीच पुसला दाराम्होरला. तेवढाच. बाकीचा तसाच हाय.

वामन : आणि साखर?

रत्नाबाई : घालते मी. रोज सकाळी, चिमूटभर. उंबऱ्यावर.

वामन : घरात येणाऱ्या मुंग्यांना, घरात, साखर?

रत्नाबाई : घर कसलं रे हे. घोडा सोडलेला टांगा. तुझा साहेब बंगल्यात गेला आनि ही चाकावरची पेटी तुला दिली, तू खूश.

वामन : बोईसरला खोली मिळत नाही, पालघरकडचं आपलं माहीम इतकं लांब. कुठे राहायचं होतं? झाडावर? आणि तूच म्हणालीस, उंबऱ्याशिवाय मी राहायची नाही. म्हणून बाबांच्या होडीची फळी माहीमहून बैलगाडीतून आणली आणि पत्र्याच्या दारात बसवली. अख्खी साइट हसली मला.

रत्नाबाई : हसूं दे. फळी बसली म्हनून तर नवस बोलता आला.

वामन : कसला नवस?

रत्नाबाई : काय नाय.

वामन : आई.

रत्नाबाई : तू चिडशील.

वामन : मी चिडलेलोच आहे. त्याहून जास्त काय होणार?

रत्नाबाई : मंजुळेला माहेरी कळा लागल्या, शिरगावच्या सुइनीनं हात टेकले. तिला पालघरला दवाखान्यात नेलं, तो निरोप घेऊन तुझ्या साइटवरचा दामू जीपनं आला, तू तसाच त्याच्यासंगं गेलास. आठवतं?

वामन : विसरेन कसा?

रत्नाबाई : मी इथं एकली. तू जाताना म्हनालास, डॉक्टर म्हनतोय दोघांतलं एक वाचंल. असं सांगून जातात का रे कोनी आईला?

वामन : मला सुचत नव्हतं काही.

रत्नाबाई : मला तरी काय सुचनार? देव्हारा माहीमला, तुळस माहीमला. इथं हात जोडायचे तर कोनाला? समोर पत्रा. शेजारी बाई नाय की पोर नाय. उंबऱ्यावर बसले दिवा घेऊन. खाली बघितलं तर ह्या चालल्या होत्या. फळीवरनं. परत्येकीच्या तोंडात पांढरं अंडं.

वामन : जागा बदलत असतील.

रत्नाबाई : ते तुझं. मला दिसलं ते सांगते. आपली लेकरं तोंडात धरून चालल्या होत्या, एकीनंसुदीक खाली टाकलं नाय. मी म्हटलं, बायांनो, तुमची पोचली तशी माझीपन घरी पोचूं दे. माझ्या नातवंडानं हा उंबरा वलांडला की मी सुटले. तवर रोज ह्याच उंबऱ्यावर तुमाला साखर घालीन.

वामन : आणि दोघीही वाचल्या.

रत्नाबाई : दोघीपन. मग आता मी कुठल्या तोंडानं थांबूं?

वामन : मला का नाही सांगितलंस?

रत्नाबाई : तू मॅट्रिक झालेला मानूस. तुला हसूं आलं असतं, आनि मला ते सोसलं नसतं.

वामन : आई, हे बघ. सोजराबाई बाळाच्या बारशाआधी इथे येऊन गेल्या, त्याचं काय झालं माहीत आहे ना?

रत्नाबाई : खाटेवर बसली आनि उठली. चावल्या तिला.

वामन : माझ्या सासूबाई आहेत त्या, हसू नकोस.

रत्नाबाई : मी कुटं हसले? बसली तीच उठली, एवढंच म्हनते. नाचली थोडी.

वामन : त्यांनी शिरगावला जाऊन सांगून टाकलंय. रविवारी देवू बहिणीला आणि भाचीला घेऊन येईल, पण आधी तो आत जाऊन अंथरूण झाडून बघेल. मुंगी दिसली तर पोर आणि नात त्याच पावली परत शिरगावला. पावसाळा उलटेपर्यंत. आणि खरं सांगू? बरोबर आहे त्यांचं. एवढंसं बाळ, रडण्याशिवाय काही येत नाही त्याला. रात्री कानात मुंगी गेली तर कुणाला कळणार?

रत्नाबाई : मला काय कळत नाय ते?

वामन : मग साखर थांबव. फक्त रविवारपर्यंत.

रत्नाबाई : बाळानं उंबरा वलांडेस्तवर, असा शब्द हाय.

वामन : म्हणजे बाळ आल्याशिवाय साखर थांबत नाही, आणि साखर थांबल्याशिवाय बाळ येत नाही.

रत्नाबाई : तेच तर घेऊन बसलेय मी इतके दिवस. जेवन गोड लागत नाय. एकदा वाटलं सोजराच्या पाया पडावं. एकदा वाटलं तुला सांगून टाकावं. मग म्हटलं, मुंगी हाय, येवढीशी हाय, बघूं. आनि तेवढ्यात तू त्यांना मारायला औषध आनलंस.

वामन : पावडर अजून पिशवीतच आहे. दुपारी मारणार होतो.

रत्नाबाई : नको रे वामना. तुझ्या पाया पडते.

वामन : असं बोलू नकोस. नाही मारत. रडू नकोस बघू आता.

रत्नाबाई : माहीमला असते तर ही वेळच आली नसती. घर भुईवर, उंबरा भुईवर. मुंगी अंगनातनं आली, साखर खाल्ली, अंगनात गेली. तुझा हा उंबरा वर टांगलेला. तिला वर आनायची तर काडी लावावी लागते. आनि वर आली की आत घुसते.

वामन : मग उंबराच खाली घेऊ.

रत्नाबाई : कसा?

वामन : फळी तर आहे. ठोकलेली नाही, नुसती खाचेत बसवलीय. काढून तिकडे कडेला जमिनीवर ठेवतो. तिथे घाल साखर.

रत्नाबाई : वा रे शहाना. घर एकीकडे, उंबरा एकीकडे? दारातनं काढला तर तो उंबरा कसला, लाकूड झालं ते.

वामन : आणि मी उंबरा हलवलाच नाही तर?

रत्नाबाई : म्हंजे?

वामन : उंबरा जिथे आहे तिथेच, सरळ खाली उतरवायचा. हलवायचं ते घर. घराला चाकं आहेत, आई. दामूला सांगतो, जीप जोडू आणि गाडी ओढून त्या ताडांपलीकडे वाळूवर नेऊ. तिथे वारूळ नाही, झाड नाही. उंबरा आपल्या जागी राहील, साखर उंबऱ्यावर पडेल, तुझा शब्द राहील.

रत्नाबाई : आनि आत भरल्यात त्या?

वामन : उद्या अंथरूण, भांडी, सगळं बाहेर उन्हात काढू. दिवसभर दारं उघडी. पत्रा तापला की आतल्या आपोआप निघतील. फळी दाराला तिरकी लावून ठेवतो, उतरायला. खाली साखर दिसली की वर कोण थांबतंय? नंतर आतून पुसून घेऊ आणि गाडी हलवू.

रत्नाबाई : मारायच्या नाय.

वामन : नाही मारायच्या.

रत्नाबाई : आनि तिकडं वाळूत डबे?

वामन : डबे लागतीलच.

रत्नाबाई : मग लाव. तिकडं माझा नवस नाय, मी काड्या नाय ठेवायची.

वामन : खराटा मी माझ्याजवळ ठेवतो, तरीपण.

रत्नाबाई : ठेव. पन वामना, बाळानं उंबरा वलांडायचा हाय. परस्पर तिकडं घरात नेलंस तर माझं फेडलं नाय जानार.

वामन : आधी इथे आणू. आधी उंबरा, मग घर.

रत्नाबाई : लोक हसतील.

वामन : हसू देत. सवय आहे मला.

(रविवार. गाडी आधी उभी होती त्या जांभळाखाली मोकळ्या जमिनीवर होडीची फळी. दूर ताडांपलीकडे गाडी.)

मंजुळा : अहो, घर कुठं गेलं?

वामन : तिकडे. ताडांमागे बघ. चकाकतंय ते.

मंजुळा : मग मला इथं का उतरवलं? दादा दामूच्या जीपमधनं तिकडं गेला, मी आपली बाळ घेऊन झाडाखाली.

वामन : देवूला अंथरूण बघायचं आहे, बघू दे त्याला. तू थांब. आई येतेय.

रत्नाबाई : थांब गं मंजुळे, पाय टाकू नको. आधी भाकरतुकडा ओवाळूं दे. तोंड इकडं कर. बाळाचं. तुझं नाय, तुझं बघितलंय मी.

मंजुळा : आई, ही होडीची फळी ना? दारातली? ती इथं भुईवर कशी?

रत्नाबाई : उंबरा हाय तो.

मंजुळा : आजूबाजूला भिंत नाय, दार नाय.

रत्नाबाई : ती मागनं येतील. उंबरा म्होरं आलाय. वामना, पानी घाल तिच्या पायावर. कोमट हाय ना?

वामन : आहे.

मंजुळा : आई, हिच्यावर तर मुंग्याच मुंग्या. साखर सांडलीय.

रत्नाबाई : सांडली नाय, घातलीय. त्यांनाच बोलले होते मी. तू दवाखान्यात होतीस तवा.

मंजुळा : काय बोललात?

रत्नाबाई : की हिला सुखरूप घरी आना म्हनून. इथं दुसरं कोन होतं माझ्याजवळ?

मंजुळा : मला वाटलं होतं, त्या दिवशी माझ्यासाठी कोनी काय मागितलंच नसंल. सगळे बाळाचंच विचारत होते. बाळ कसं, बाळ कसं.

रत्नाबाई : मी दोघींचं मागितलं. नातवंड काय एकलं चालत येतं होय घरी?

मंजुळा : आई...

रत्नाबाई : रडू नको, दूध आटंल. पदर घे नीट. आता उजवा पाय. सांभाळून, त्यांच्यावर नको देऊ. लांब टाक. हां. आता डावा.

वामन : ओलांडला.

रत्नाबाई : बघितलं मी. डोळे हायत मला.

मंजुळा : जागी झाली. टुकुटुकु बघतेय.

रत्नाबाई : बघूं दे. आपल्या घरात आली ती.

वामन : देवू हात करतोय तिकडून. थांबा, विचारून येतो.

मंजुळा : आई, दादानं काय दिसलं म्हटलं तर मला परत जावं लागंल. आयेनं तशी शपथ घातलीय त्याला.

रत्नाबाई : तुला जायचंय का?

मंजुळा : नाय. शिरगावला सगळं हाय, पन रात्री बाळ रडलं की बाजूला मानूस नाय आपलं.

रत्नाबाई : मग मुकाट हुबी राहा. आनि मनात ह्यांनाच हात जोड.

मंजुळा : आले ते. हसतायत.

वामन : अंथरूण दोनदा झाडलं त्याने. उशीच्या खोळीत हात घालून बघितला, खाटेखाली आडवा होऊन बघितलं. सदरा मळला त्याचा.

मंजुळा : आनि?

वामन : म्हणतो, आमच्या शिरगावच्या घरापेक्षा इथे मुंग्या कमी आहेत, हे आईला सांगायचं कसं? तुझी ट्रंक उतरवून ठेवली त्याने. चहा पिऊन निघतोय.

मंजुळा : मग मी राहते?

वामन : राहतेस. दोघी राहता. चल, आत जाऊ, ऊन लागतंय बाळाला. आई, नवस फिटला ना तुझा? मग ही फळी आता घेतो खांद्यावर. तिकडे दारात बसवून टाकू.

रत्नाबाई : थांब जरा.

वामन : आता काय राहिलं?

रत्नाबाई : जेवतायत त्या. त्यांचं होऊं दे.